साताऱ्याच्या नावाची चेरी

सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या गोष्टीतला दंश काढून घेतला, असं माझं मत होतं. पुष्कळ वर्षं होतं, आणि हिंदीच्या तासाला मी ते मुलांपुढे ठासून मांडत असे. आज ते तसं राहिलेलं नाही. मत बदललं ते एका साध्या कार्टूनमुळे.

'शतरंज के खिलाडी' ही कथा १९२४ची. काळ अवधचा बादशहा वाजिद अली शाहचा, गाव लखनौ. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार सकाळपासून बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. आत मिर्झाची बायको डोकेदुखीनं तळमळते, पण याचा पाय डावावरून निघत नाही. शेवटी दोघं पट घेऊन गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत जाऊन बसतात. समोरून ईस्ट इंडिया कंपनीची फौज जाते, बादशहाला कैद करून नेते, तरी यांचं लक्ष पटावरच. मग एका चालीवरून वाद, वादातून एकमेकांचं खानदान काढणं, आणि राज्य जाताना म्यानात राहिलेल्या तलवारी सोंगट्यांसाठी बाहेर येतात. दोघंही तिथेच मरून पडतात.

राय यांच्या १९७७च्या चित्रपटात कोणी मरत नाही. मीरच्या पिस्तुलातून गोळी सुटते, मिर्झाला चाटून जाते, आणि थोड्या वेळानं दोघं पुन्हा पटाशी बसतात. संजीव कुमार आणि सईद जाफरी यांनी हे दोघं इतके लोभस केले आहेत की त्यांचा राग येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच होती. दुसरी तक्रार बादशहाबद्दल. कथेत तो जवळजवळ नाहीच. चित्रपटात अमजद खानचा वाजिद अली गातो, रडतो, बिरजू महाराजांनी बसवलेलं कथक बघतो, दरबारी मंडळींवर चिडतो. ज्याच्या ऐषारामानं राज्य बुडालं त्याचे इतके लाड कशासाठी, असं मला वाटे.

'ऐषारामानं राज्य बुडालं' हे वाक्य आपल्या तोंडात तयारच असतं. दुसऱ्या बाजीरावाबद्दल आपण लहानपणापासून हेच ऐकतो. त्यामुळे प्रेमचंद कथेच्या सुरुवातीलाच लखनौ विलासात बुडालं होतं असं सांगतात, तेव्हा मराठी वाचकाला ते लगेच पटतं. पुण्याचं जे झालं तेच लखनौचं झालं, एवढ्यावर आपण पान उलटतो. मीही उलटलं.

निवृत्तीनंतर हा चित्रपट घरी, थांबवत थांबवत पाहिला. सुरुवातीच्या भागात राय यांनी एक कार्टून घातलं आहे. १८५१च्या एका पत्रात गव्हर्नर जनरल डलहौसीनं अवधचं वर्णन, एक दिवस आपल्या तोंडात पडणारी चेरी, असं केलं होतं. त्यावरून हे चित्र सुचलेलं. साहेब एकेक चेरी गट्टम करतोय आणि प्रत्येक चेरीवर एका राज्याचं नाव. पंजाब, ब्रह्मदेश, नागपूर, सातारा, झाशी. मी साताऱ्याची. पूर्वी कधी तरी मोठ्या पडद्यावर हे पाहून मीही हसले असणार. या वेळी चित्र तिथेच थांबवलं.

कारण साताऱ्याचं राज्य ऐषारामानं गेलं नाही, हे आमच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. प्रतापसिंह महाराजांनी शहराला पाणी आणलं, शाळा काढली, कारभारात स्वतः लक्ष घातलं. कंपनीनं १८३९ साली कटाचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. १८४७ साली ते तिथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे भाऊ शहाजी औरस पुत्राविना गेले आणि राज्य खालसा झालं. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांच्या बाबतीतही वारसाचंच कारण पुढे केलं गेलं. अवधला ते लावता येईना, कारण वाजिद अलीला मुलगे होते. म्हणून तिथे गैरकारभाराचा आरोप. प्रत्येक चेरीला देठ वेगळा, गिळणारं तोंड एकच.

हे लक्षात आल्यावर बादशहाचे प्रसंग मला निराळे दिसायला लागले. लखनौचा रेसिडेंट जनरल आउट्रम, म्हणजे रिचर्ड अ‍ॅटनबरो, आपल्या हाताखालच्या कॅप्टन वेस्टनकडून बादशहाच्या कविता, नमाज, नाचगाणं यांची चौकशी करतो. पूर्वी हे मला विनोदी वाटायचं. खरं तर तिथे आरोपपत्राचा कच्चा मसुदा तयार होतोय, आणि तो करणारा माणूस मनातून अस्वस्थ आहे. १८०१च्या तहानं कंपनीनं अवधचा जवळजवळ अर्धा मुलूख आधीच घेतला होता. नेपाळच्या युद्धासाठी तिथल्याच नवाब गाझीउद्दीन हैदरकडून कोट्यवधींचं कर्जही उचललं होतं. त्या राज्याला आता खर्चिक म्हणायचं, हे आउट्रमलाही जड जातं. मग शेवटची भेट. वाजिद अली डोक्यावरचा ताज काढून दोन्ही हातांनी आउट्रमपुढे धरतो; राज्य सोडण्याच्या तहावर सही मात्र करणार नाही म्हणतो. तो ताज घ्यावा की न घ्यावा हे आउट्रमला कळत नाही. अशा माणसाला बायकी, नाकर्ता म्हणून बाजूला सारणं मला आता जमत नाही.

राजमातेचा प्रसंग तर आमच्या अगदी घरचा. विलायतेच्या राणीकडे दाद मागण्याची भाषा ती पडद्याआडून करते. खरोखरच ती १८५६ साली लंडनला गेली, हाती काही लागलं नाही, आणि १८५८ साली परतताना पॅरिसमध्ये वारली. साताऱ्याचे रंगो बापूजी तिच्या आधी लंडनमध्येच वर्षानुवर्षं महाराजांची बाजू मांडत बसले होते. तेही रिकाम्या हातानं परतले. या दोघांना मी इतकी वर्षं एका ओळीत उभं केलं नव्हतं.

शिवाय १८५७ आहेच. ७ फेब्रुवारी १८५६ला अवध कंपनीच्या मुलखात सामील झालं आणि पुढच्याच वर्षी सगळ्यात चिवट लढा लखनौतच झाला. वाजिद अलीची बेगम हजरत महल उभी राहिली. रेसिडेन्सीची सुटका करायला आलेला आउट्रम स्वतःच त्या वेढ्यात अडकला. विलासानं पार पोखरलेलं शहर असं लढत नाही.

मग प्रेमचंद चुकले का? इथे माझं दुसरं मतही हललं. मी ती कथा इतिहास म्हणून शिकवत होते. पण गांधीजींच्या हाकेला ओ देऊन १९२१ साली सरकारी नोकरी सोडलेला हा लेखक. असहकाराची चळवळ १९२२ साली मागे घेतली गेली आणि त्यानंतर दोन वर्षांनी ही कथा आली. ती १८५६च्या लखनौवर कमी आणि १९२४ साली हातावर हात ठेवून बसलेल्या भल्या माणसांवर जास्त आहे. त्यांना हलवायचं तर मीर-मिर्झा मरायलाच हवेत. राय यांना स्वतंत्र देशात वेगळं विचारायचं होतं: अवध घेतलं कोणी आणि कसं? म्हणून त्यांच्या चित्रपटात दोघं जिवंत राहतात आणि शेवटचा डाव इंग्रजी नियमांनी मांडतात. वजिराच्या जागी राणी येते, प्यादं पहिल्या चालीत दोन घरं पुढे सरकतं. बाहेर राज्य बदललं आणि पटावरही. मुन्शी नंदलालनं हे नियम आधी सांगितलेले असतात, त्यामुळे शेवट आपल्याला न समजावता समजतो. ज्याला मी मवाळ म्हणत होते तो शेवट मला आता सहन होत नाही.

वकिलाच्या घरचा प्रसंगही राय यांचाच. घरच्या सोंगट्या गायब झाल्या म्हणून दोघं ओळखीच्या वकिलाकडे पट मागायला जातात. वकील आतल्या खोलीत शेवटच्या घटका मोजतोय, बाहेर याच दोघांची नजर त्या सुंदर पटाकडे. तलवारी न उपसताही माणसं किती निष्ठुर असतात, ते इथे दिसतं.

एका गोष्टीत मात्र मी हललेली नाही. कथेत मीरच्या बेगमेला नवरा घरात नको असतो, म्हणून ती स्वतः बेत आखते. बादशाही फौजेतला स्वार दारात उभा करते, आणि घाबरलेला मीर दुसऱ्या दिवसापासून आपण होऊन घराबाहेर राहतो. घरात बसून तिनं खेळलेली ही चाल त्या दोघांच्या कुठल्याही डावापेक्षा सरस आहे. चित्रपटात हे सारं पलंगाखाली सापडलेल्या तिच्या प्रियकराच्या, अकीलच्या, ऐनवेळच्या थापेवर निभावलं आहे. प्रेक्षक हसतात, आणि बेगमेची हुशारी त्या हसण्यात वाहून जाते. फरीदा जलालसारखी अभिनेत्री हाताशी असताना राय यांनी ती चाल तिच्याकडून काढून घ्यायला नको होती.