दिसले आणि वाटले

बालपणी आम्हाला गुप्तहेर होण्याची फार हौस होती. या हौशीचे मूळ गावच्या वाचनालयातील एका मोडक्या कपाटात होते. त्या कपाटात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता आणि शेरलॉक होम्सच्या कथांचे मराठी अनुवादही होते. गोव्यातला पाऊस एकदा लागला म्हणजे मुलांना घराबाहेर पडण्याची सोय राहत नाही. अशा एका पावसाळ्यात आम्ही ते कपाट वाचून संपवले आणि श्रावणाच्या सुमारास आपण गुप्तहेर झालो असल्याचे घरात जाहीर केले. आजोबांचे पंचांग वाचायचे भिंग, एक कोरी वही आणि बोटभर उरलेली पेन्सिल एवढी आमची साधनसामग्री होती.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला यश आले. डब्यातली फणसपोळी दिवसेंदिवस कमी होत होती. आजीचा संशय उंदरांवर होता. आम्ही मुंग्यांच्या रांगेचा माग काढीत थेट वडील बंधूंच्या उशीपर्यंत पोहोचलो, आणि उशीच्या अभ्र्यात फणसपोळीचा उरलेला तुकडा सापडला. आजीने पाठ थोपटली. बंधूंनी चार दिवस अबोला धरला. हे यश आमच्या डोक्यात चढले. पुढे जे घडले त्याचे बीज येथेच पडले असावे.

आम्ही तेव्हा पाचवीत होतो. आमच्या वर्गातील एका मुलाला त्याच्या मामाने आखातातून शाईचे एक सुरेख पेन आणून दिले होते. एके दिवशी मधल्या सुटीनंतर ते पेन नाहीसे झाले. मुलगा रडू लागला. गुरुजींनी वर्गाला विचारले, "कोणी काही पाहिले आहे का?" वर्ग चिडीचूप झाला. इतक्या दिवसांच्या आमच्या अभ्यासाला आता कोठे संधी मिळत होती! आम्ही भोवताली नजर टाकली. पेनवाल्या मुलाच्या शेजारी एक नवा मुलगा बसत असे. त्याचे आईवडील घाटावरून बांधकामाच्या मजुरीसाठी आले होते. तो घरी कानडी बोले. मराठी त्याला जेमतेम येई. मधल्या सुटीत तो वर्गातच बसून होता, आणि त्याच्या बोटांना शाई लागलेली होती. आणखी कसला पुरावा हवा होता? आम्ही उठून उभे राहिलो आणि म्हणालो, "गुरुजी, मला दिसले, पेन ह्यानेच घेतले."

येथे भाषेविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. आमच्या घरची भाषा कोंकणी. कोंकणीत डोळ्यांना दिसते तेही 'दिसता' आणि मनाला वाटते तेही 'दिसता'. 'थंयसून दर्या दिसता' म्हणजे तेथून समुद्र दिसतो. आणि 'म्हाका दिसता, आयज पावस पडटलो' म्हणजे मला वाटते, आज पाऊस पडेल. घरी या दुहेरी अर्थाने कोणाचा घोटाळा होत नाही. परंतु आम्ही घरचे वाक्य मनात जुळवले आणि शाळेत ते मराठीचे कपडे घालून उभे केले. 'मला वाटले' असे आम्हाला म्हणायचे होते. गुरुजींनी ऐकले ते असे की, आम्ही प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले.

त्या मुलाचे दप्तर जमिनीवर रिकामे करण्यात आले. दोन वह्या, एक गळके पेन आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी निघाली. हरवलेले पेन निघाले नाही. तरीही साक्षीदार मिळाला असल्यामुळे त्याला उरलेला दिवस वर्गाबाहेर उभे करण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. पायांना सिमेंट लागलेले होते. त्या दिवसाची मजुरी बुडवून ते गृहस्थ शाळेच्या व्हरांड्यात हात जोडून उभे होते. मुलगा काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याचे मराठी शब्द दोन-तीनच्या पुढे जात नव्हते आणि त्याचे कानडी कोणी ऐकून घेत नव्हते.

गुरुजींचा गैरसमज झाला आहे हे आम्हाला कळले नव्हते काय? पहिल्याच क्षणी कळले होते. 'मी पाहिले नाही, मला नुसते वाटले' एवढे म्हणण्याचा अवकाश होता. पण साऱ्या वर्गाची नजर आमच्याकडे लागली होती, आणि ती कौतुकाची होती. आम्ही गप्प राहिलो.

नवव्या दिवशी पावसाने उघाड दिली. पेनवाल्या मुलाच्या आईने त्याचा रेनकोट उन्हात वाळत घातला, तेव्हा खिशाच्या फाटक्या शिवणीतून अस्तरात उतरलेले पेन तिच्या हाताला लागले. दुसऱ्या दिवशी वर्ग पोटभर हसला. गुरुजी म्हणाले, "वस्तू जपून वापरीत जावी." त्या कानडी मुलाला कोणीच काही म्हटले नाही. त्याच दिवशी आमच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. त्या मुलाच्या बोटांवरची शाई निळी होती आणि पेनवाल्या मुलाची वही काळ्या शाईने लिहिलेली होती. निळी आणि काळी! दोन्ही शाया एकाच बाकावर, आमच्या डोळ्यांसमोर होत्या. भिंग खिशात बाळगणाऱ्या गुप्तहेराला त्या दिसल्या नाहीत, कारण त्याला अगोदरच काहीतरी वाटलेले होते.

दिवाळीपूर्वी ती इमारत पुरी झाली आणि ते कुटुंब दुसरीकडे कामाला गेले. त्याची क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

आता आम्ही स्वतःच शिक्षक आहोत. पावसाळ्यात खेळाचे मैदान पाण्याखाली गेले की मुले तासाला म्हणतात, "गुप्तहेर-गुप्तहेर खेळू या!" प्रथम आम्ही टाळाटाळ केली. मागाहून विचार केला की, हा खेळ मुले आमच्या पाठीमागे खेळणारच. मग तो नीट शिकवलेला काय वाईट? म्हणून आम्ही प्रत्येकाला एक वही करावयास सांगितले. वहीच्या पानाच्या मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे मथळा 'दिसले', उजवीकडे 'वाटले'. आमच्या वर्गातील खेळाचे सारे शास्त्र त्या एका रेघेत आहे.

पहिला खेळ परातीचा. परातीत वीस किरकोळ वस्तू मांडाव्यात, एक मिनिट मुलांना पाहू द्याव्यात आणि वर फडके घालावे. मग ज्याने त्याने आठवून यादी करावी. रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या 'किम' या कादंबरीत असा खेळ आहे. बेडन-पॉवेल यांनी तो बालवीरांच्या शिक्षणात आणला आणि बालवीर त्याला अजून किमचा खेळ म्हणतात. आमच्या परातीत सुई होती, दोरा मुळीच नव्हता. तरी अकरा मुलांनी बिनदिक्कत 'सुईदोरा' असे लिहिले! सुई डोळ्यांनी पाहिली होती. दोरा मनाने ओवला होता.

दुसरा खेळ कारल्याच्या रसाचा. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल एडिंबरो येथे वैद्यक शिकत असताना त्यांना जोसेफ बेल नावाचे शिक्षक होते. रोग्याच्या केवळ निरीक्षणावरून बेल त्याचा व्यवसायही ओळखीत. १८८७ साली होम्सची पहिली कथा प्रसिद्ध झाली; होम्सच्या ठायी बेल यांचे पुष्कळ गुण उतरले आहेत. बेल यांच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की, ते एका कडू द्रवात बोट बुडवून चाटीत आणि विद्यार्थ्यांनाही तसेच करण्यास सांगत. आम्ही वर्गात कारल्याचा रस नेला, बोट बुडवले, चाटले आणि पेला पुढे सरकवला. मुलांनी आज्ञाधारकपणे अनुकरण केले आणि त्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली. आम्ही तर्जनी बुडवली होती, चाटले होते ते मधले बोट! बत्तीस मुलांपैकी एकीच्याच ते लक्षात आले होते. तिचे नाव येथे देत नाही. ती मागच्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी मुलगी आहे.

तिसरा खेळ बोटांच्या ठशांचा. मऊ पेन्सिलीने कागदावर दाट काळे फासावे, त्यावर बोट टेकावे, मग त्या बोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर चिकटवावी. ठसा स्वच्छ उमटतो. आपल्याकडे आज्या बोटांवरची शंख-चक्रे मोजून भविष्य सांगतात. तीच शंख-चक्रे, आणि तिसरी कमान, हे ठशांचे मुख्य प्रकार होत. शंख सर्वांत अधिक, चक्र त्याखालोखाल आणि कमान क्वचित. दोन माणसांचे ठसे एकसारखे आढळत नाहीत. या विद्येचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने करारावर सहीसोबत हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे केंद्र निघाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे श्रम मोठे होते. ठशाने चोर सापडतो हे मुलांना ठाऊक असते. ठशाने निरपराधी सुटतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

या सर्वांनंतर खऱ्या तपासाचा खेळ. चोर कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरते. चिठ्ठी ज्याला आली त्याने वर्गातील एखादी वस्तू लपवावी. नियम तीन. कोणी कोणाच्या दप्तराला हात लावावयाचा नाही. 'वाटले' या सदरातील प्रत्येक ओळीला 'दिसले' या सदरात आधार असल्याखेरीज नाव घ्यावयाचे नाही. आणि ज्याचे नाव घेतले जाईल त्याला अगोदर बोलू द्यावयाचे, त्याला जी भाषा येत असेल त्या भाषेत. ती इतरांना कळत नसेल तर अर्थ सांगणारा शोधून आणावयाचा. तिसरा नियम घालण्याचे कारण मुलांनी आजवर विचारले नाही. ते आज येथे लिहून ठेवले आहे.

यंदा फळा पुसण्याचे डस्टर लपवले गेले. पाच मिनिटांतच अर्ध्या वर्गाने एका मुलाकडे बोट दाखवले, कारण त्याच्या सदऱ्याला खडूची भुकटी लागली होती. तो बिचारा त्या दिवशी फळ्यावर गणित सोडवून आला होता. आम्ही वह्या तपासावयास घेतल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या वहीत डाव्या बाजूला अकरा नोंदी होत्या. उजवी बाजू कोरी. आम्ही विचारले, "इकडे काहीच का लिहिले नाही?"

ती म्हणाली, "टीचर, अजून काही वाटले नाही."

घंटा झाली. डस्टर त्या दिवशी सापडले नाही, आणि आम्हाला त्याचे काही वाटले नाही. पाचवीतल्या एका दिवशी आमच्या वर्गात असे एखादे कोरे पान असते तर, हा विचार मात्र दिवसभर मनातून गेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, सुटीत हा खेळ अवश्य खेळा. भिंग नसले तरी चालेल, वहीतली रेघ मात्र हवी. आणि खेळात असो वा खेळाबाहेर, आपले वाटणे चुकीचे होते असे जेव्हा कळेल, तेव्हा त्याच दिवशी, त्याच माणसापाशी जाऊन तसे सांगा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका. इमारती पुऱ्या होतात आणि माणसे दूरच्या गावी निघून जातात.