आईपेक्षा वयाने मोठी झालेली लेकरे

औरंगाबादेतला बीबी का मकबरा पाहणारे बहुतेक लोक ताजमहालाशी त्याची तुलना करतात आणि ‘दख्खनचा ताज’ म्हणून परततात. संगमरवर कमी, आकार लहान, खर्चही कमी. तो खर्च 6,68,203 रुपये 7 आणे असा नोंदलेला आहे. पण ताज बेगमेसाठी बांधला गेला, तर मकबरा ओळखला जातो तो मुलाने आईसाठी उभारलेली इमारत म्हणून. आम्ही तिघी बहिणी आणि धाकटा भाऊ जालन्याहून एसटीने गेलो ते याच कारणासाठी.

आमची अम्मी 36 व्या वर्षी अल्लाहला प्यारी झाली. धाकट्याच्या जन्मानंतर बाविसाव्या दिवशी, बाळंतपणातल्या तापाने. यंदा धाकट्याला 37 पूर्ण झाली. आता आम्हा चौघांत अम्मीपेक्षा लहान कोणी उरले नाही.

मकबरा बेगमपुऱ्यात आहे. मागे डोंगर, समोर लांबच लांब हौद आणि कारंजी. महाद्वाराच्या लाकडी दारांवर पितळी पत्रा मढवला आहे. त्यावर वेलबुट्टी आहे आणि दोन नावे कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. अताउल्लाह हा ताजशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. म्हणजे इथे कारागिराच्या घरातही दुसरी पिढी कामाला लागली होती. जवळ गेल्यावर दिसते की पांढरा संगमरवर कमरेच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला आहे. मधला भाग काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याची गुळगुळीत गिलाव्याची नक्षी आहे.

आत कबर आहे ती दिलरस बानू बेगम यांची. शाहनवाझ खान सफवी यांची ही कन्या, औरंगजेब बादशहाची पहिली बेगम. 11 सप्टेंबर 1657 रोजी शहजादा अकबरचा जन्म झाला आणि महिनाभरातच, 8 ऑक्टोबरला, त्या वारल्या. वय सुमारे 35. मागे पाच मुले राहिली. थोरली झेबुन्निसा 19 वर्षांची, आझम चार वर्षांचा, अकबर तान्हा. मकबरा आझमशहाने बांधला असे सगळे सांगतात. पण 1660-61 च्या सुमारास काम चालू होते तेव्हा तो सात-आठ वर्षांचा पोर होता. एवढ्या मुलाला आईचा चेहरा किती आठवत असेल?

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अम्मीच्या कबरीवर माती द्यायला, पुढे दर ईदला फातेहा पढायला घरातले पुरुष गेले. धाकटा कळता झाल्यापासून तोच जातो. आम्ही बहिणींनी ती जागा जवळून कधी पाहिली नाही. मकबऱ्यात मात्र वरच्या सज्ज्यावरून खाली कबर दिसते. भोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी, मध्ये साधी मातीची कबर, वर चादर आणि लोकांनी टाकलेली नाणी. तिथे कठड्याला हात लावून आम्ही चौघे प्रथमच एकत्र, एका आईच्या कबरीसमोर उभे राहिलो. मनात फातेहा दोघींसाठी पढली.

दिलरस बानूंची पाचही मुले आईपेक्षा जास्त जगली. झेबुन्निसा 64 वर्षे जगली. शेवटची वीसेक वर्षे तिने दिल्लीच्या सलीमगडात कैदेत काढली. झीनतुन्निसाने सत्तरी ओलांडली आणि दिल्लीत मशीद बांधली. अकबरने 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड केले, छत्रपती संभाजी महाराजांचा आश्रय घेतला आणि अखेर इराणात गेला. त्याला 35 वे वर्ष लागून गेले तेव्हा तो परमुलखात होता. यातले काहीच त्या आईने पाहिले नाही.

आमच्या घरी त्या वर्षाची धास्ती होती. मोठी आपा छत्तिशीत होती तेव्हा तिने वर्षभर एकही मोठी खरेदी केली नाही. मधलीने कोणालाही न सांगता सगळ्या तपासण्या करून घेतल्या. तिसरीने तारीखवार दिवस मोजले आणि अम्मीच्या वयापेक्षा एक दिवस जास्त झाला त्या सकाळी फजरनंतर बराच वेळ मुसल्यावर बसून राहिली. हे सगळे आम्ही एकमेकांना सांगितले ते मकबऱ्याच्या बागेत, डबा उघडून बसल्यावर.

तिथेच एक गोष्ट उमगली. आमच्या आठवणीतली अम्मी मोठी, कडक, सगळे जाणणारी बाई आहे. पण आता छत्तीस वर्षांची बाई भेटली तर आपा तिला ‘बेटा’ म्हणून हाक मारते. अम्मी तेवढीच होती. चार लेकरे, शिवणाचे काम आणि अंगात ताप. तिने रागावून मारलेल्या चापट्या आम्ही इतकी वर्षे लक्षात ठेवल्या. तिची दमछाक आमच्या लक्षात आली नाही. आता तिच्याकडे पाहताना धाकट्या बहिणीची वाटावी तशी माया वाटते.

सीरतच्या पुस्तकांत येते की रसूलुल्लाह (स.) यांचे वडील हजरत अब्दुल्लाह ऐन तरुणपणी यसरिबमध्ये वारले, आणि आई हजरत आमिना अबवा येथे, आप (स.) सहा वर्षांचे असताना. आप (स.) 63 वर्षे जगले. आईच्या कबरीपाशी गेल्यावर आप (स.) रडले आणि सोबतच्यांनाही रडू आले. प्रौढ वयात, एवढ्या जबाबदाऱ्या खांद्यावर असताना! म्हणून वय वाढले की आईची आठवण बोथट व्हायला हवी, असे कोणी म्हटले तर आम्ही ऐकणार नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही ठरवून आलो. अम्मीला ताप आला तेव्हा ‘दूध उतरतंय, होईल बरा’ म्हणत घरच्यांनी पाच दिवस काढले. बादशहाच्या बेगमेच्या काळी या तापावर इलाज नव्हता. आमच्या अम्मीच्या काळी होता. आपाच्या मुलीचे दिवस भरत आले आहेत. चाळीस दिवसांत तिला थंडी-ताप आला, पोटात दुखले, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास आला, तर कोणा खाला-मामींना विचारत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रिक्षावाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. धाकट्याने तो स्वतःच्या हाताने लिहिला.