सहा स्क्रू आणि पाच स्प्रिंगा

1954 साली लिओ फेंडरने स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि तिच्यावरच्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हटलं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. ही दांडी हलवते तो सूर, म्हणजे खरं तर व्हायब्रॅटो. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दुरुस्तीच्या टेबलावरही तेच चालतं.

यंत्रणा मात्र फार देखणी. सहा स्क्रूंवर कडेने टेकलेली धातूची पट्टी, तिच्याखाली लाकडातून आरपार उतरलेला जड ठोकळा आणि मागच्या बाजूला त्या ठोकळ्याला ओढून धरणाऱ्या पाचपर्यंत स्प्रिंगा. 10 नंबरच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण साधारण 46 किलो भरतो. दांडी दाबून सोडली की पट्टीने हुबेहूब जुन्या जागी परतायचं असतं. केसाएवढा फरक राहिला तरी गिटार बेसूर.

एरिक क्लॅप्टनने हा प्रश्नच मिटवून टाकला. त्याने ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा ठोकून ट्रेमोलो कायमचा जखडला. क्वीनचा ब्रायन मे नेमका दुसऱ्या टोकाला गेला. 1963 पासून वडिलांबरोबर घरीच घडवलेल्या रेड स्पेशलमध्ये त्याने सुरीच्या धारेसारख्या पोलादी कडेवर पट्टी तोलली आणि मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या.

जीर्णोद्धाराला आलेल्या गिटारचा ट्रेमोलो बदलताना पहिली गाठ पडते ती मापांशी. जुन्या अमेरिकी घडणीत पहिल्या ते सहाव्या स्क्रूचं अंतर सुमारे 56 मिलिमीटर. अनेक आशियाई गिटारींमध्ये ते 52 ते 54. वरवर पाहता भाग सारखेच दिसतात. मग उतावळा कारागीर नवी भोकं पाडतो आणि जुन्या लाकडाची कड फाटते. आधी माप घ्यावं, मग भाग मागवावा. ठोकळ्याची उंचीही तपासावी, कारण पातळ बॉडीत पूर्ण उंचीचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो.

ठोकळ्याचा धातूही महत्त्वाचा. 1971च्या अखेरीस फेंडर कंपनीने पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव ठोकळा वापरायला सुरुवात केली. पोलादी ठोकळ्याने स्वर अधिक रेंगाळतो असं मला वाटतं; ऐकणाऱ्याने स्वतः पारखावं.

सगळ्यात नाजूक काम स्क्रूंचं. भोकं सैल झाली असतील तर त्यांत कठीण लाकडाच्या खुंट्या सरसाने बसवायच्या, सरस पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच नव्याने भोकं पाडायची. स्क्रू करकचून आवळायचे नाहीत. पट्टी उचलली जायला लागली की थांबायचं आणि किंचित मागे फिरवायचं, म्हणजे कड मोकळी डोलते. स्प्रिंगांची दुसरी टोकं ज्यात अडकतात त्या मागच्या पंजाला जोडलेली अर्थिंगची तारही पुन्हा पक्की डाखायची. पंजा उष्णता शोषून घेतो, म्हणून तिथे जाड टोकाची डाखणी लागते. तार सुटी राहिली तर अँप्लिफायर गुणगुणत राहतो आणि दोष मात्र नव्या ट्रेमोलोवर जातो.

समुद्रकाठच्या दमट हवेत, मुंबईत काय नि गोव्यात काय, स्क्रू गंजतात, डोकी झिजतात. असा स्क्रू जोर लावून फिरवू नये; थोडं तेल सोडून रात्रभर थांबावं.

उतरवलेला जुना ट्रेमोलो, अगदी गंजलेल्या स्क्रूंसकट, पिशवीत घालून गिटारच्या केसमध्येच ठेवा. पुढे कुणाला ती मूळ रूपात न्यायची असेल, तर ते सामान तिथेच मिळायला हवं.