विहिरीकडची रेघ

माझा सारा जन्म रेघा मारण्यात गेला. चित्रकाराच्या नव्हेत, मोजणी खात्यातल्या भूकरमापकाच्या. मागे साखळी ओढणारे गडी, काखेत टिपणांची गुंडाळी आणि दोन्ही बाजूंना तोंडे फिरवून चालणारे वादी-प्रतिवादी, अशा थाटात मी चौतीस वर्षे लोकांची शेते तुडविली. बांधावर उभा राहिलो की दोन सख्खे भाऊ माझ्याकडे असे पाहात, की जणू मी सटवाईच आहे आणि आता त्यांच्या कपाळावर काहीतरी लिहिणार आहे. या नोकरीने मला शहाणपण किती दिले कोण जाणे; पण एक गोष्ट नीट समजली. क्षेत्रात चोरी करतो तो मोजणीदार कच्चा. पक्का तो, की जो एक गुंठाही इकडचा तिकडे करीत नाही आणि तरीही ज्याला द्यायचे त्याला सारे काही देऊन टाकतो.

हे कसे साधते ते मला ठाऊक होते. पण हीच विद्या सातासमुद्रापार इतक्या भरभराटीला आलेली असेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

२०१८ सालची दिवाळी मी अमेरिकेत मुलीकडे केली. नॉर्थ कॅरोलिना राज्यातले ग्रीन्सबरो हे तिचे गाव. त्या वर्षी नरकचतुर्दशी ६ नोव्हेंबरला, मंगळवारी आली होती, आणि नेमके त्याच दिवशी तिकडे काँग्रेसच्या निवडणुकीचे मतदान होते. पहाटे उटणे लावून त्या पांढऱ्याशुभ्र टबात अभ्यंगस्नान उरकले. कारीट कुठून मिळणार? जावईबापूंनी एक कोवळी काकडी अंगठ्याखाली चिरडली आणि नरकासुराचा वध झाला असे आम्ही सर्वानुमते ठरविले. फराळ झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी मत देऊन येते. तुम्हीही चला. वाटेत तुमच्या कामाची एक गंमत दाखवते."

तिने गाडी नेली ती एका विद्यापीठाच्या आवारात. नॉर्थ कॅरोलिना ए. अँड टी. हे काळ्या विद्यार्थ्यांसाठी १८९१ मध्ये निघालेले विद्यापीठ. याच विद्यापीठातले चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या टेबलाशी जाऊन बसले होते आणि कोणी वाढीना तरी उठले नव्हते. आवाराच्या मधून एक साधा रस्ता जातो, लॉरेल स्ट्रीट. मुलगी म्हणाली, "या रस्त्याच्या अलीकडे राहणारी मुलं सहाव्या मतदारसंघात, पलीकडची तेराव्या. वसतिगृह बदललं की खासदार बदलतो."

मी सवयीने इकडेतिकडे पाहिले. नदी नाही, ओढा नाही, टेकाड नाही, उतार नाही. एका हद्दीला रस्त्यातून जाण्याचे काही कारण लागते. इथे ते जमिनीत तरी कुठे दिसेना. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या पोटात कालवले. कारण अशी एक रेघ मी स्वतः मारलेली होती.

पण आधी त्यांच्या रेघेचे सांगतो. माणूस दुसऱ्याची गोष्ट आधी सांगतो, त्याला नेहमीच विनय कारण नसतो.

या विद्येचे नाव जेरीमँडरिंग. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातला एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ असा वेडावाकडा होता, की एका वर्तमानपत्राने त्याला नखे आणि पंख काढून तो सॅलमँडर नावाचा पालीसारखा प्राणी म्हणून छापला, आणि गेरी व मँडर यांची सांगड घातली. गृहस्थ अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी; पुढे उपराष्ट्राध्यक्षही झाले. पण जगाच्या लक्षात राहिली ती पाल. तीसुद्धा नावाचा उच्चार बिघडवून, कारण ते होते गेरी. जेरी त्यांना लोकांनी केले.

कृती मात्र फार सोपी आहे. विरोधकांची मते काही थोड्या मतदारसंघांत ठासून भरायची, म्हणजे तिथे ते प्रचंड मतांनी निवडून येतात आणि जास्तीची मते वाया जातात. उरलेली मते बाकीच्या मतदारसंघांत अशी पांगवायची, की कुठेच त्यांची बेरीज पुरेशी होऊ नये. नॉर्थ कॅरोलिनात २०१६ साली रिपब्लिकन पक्षाला मते पडली सुमारे ५३ टक्के आणि जागा मिळाल्या १३ पैकी १०. हे चोरून केले असेही नाही. नकाशा करणाऱ्या समितीने पक्षाचा फायदा हा एक निकष म्हणून कागदावर लिहून ठेवला होता. आणि समितीचे एक प्रमुख बैठकीत म्हणाले, की दहा-तीनचा नकाशा केला, कारण अकरा-दोनचा करणे शक्य दिसत नाही! आधीचा नकाशा न्यायालयाने वर्णभेदाच्या कारणाने मोडला होता. म्हणून या वेळी, आम्ही माणसाचा रंग पाहिला नाही, पक्ष पाहिला, हाच त्यांचा बचाव होता. आणि हा रोग एकाच पक्षाचा नव्हे. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅट पक्षाने २०११ साली सहाव्या मतदारसंघाचे असेच तुकडे करून तो रिपब्लिकनांच्या हातून काढून घेतला.

मग लोक न्यायालयात का गेले नाहीत, असे कोणी विचारील. गेले, पुनःपुन्हा गेले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी १९४६ सालीच बजावले होते, की राजकारणाच्या या काटेरी झुडपात न्यायालयाने शिरू नये. पण टेनेसी राज्याने १९०१ पासून मतदारसंघ बदललेच नव्हते. शहरे फुगली, खेडी ओस पडली, तरी मतांची वाटणी आजोबांच्या वेळची. १९६२ साली बेकर विरुद्ध कार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अखेर दार उघडले. दोन वर्षांत नियम ठरला, की मतदारसंघांतली लोकसंख्या सारखी हवी. सारे आनंदले.

मोजणीदार म्हणून मी मात्र हसलो. क्षेत्र सारखे करणे ही का कठीण गोष्ट आहे? नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या नकाशात लोकसंख्या जवळजवळ माणसाला माणूस सारखी होती. गुंठ्याला गुंठा जुळला, की पक्क्या मोजणीदाराचे खरे काम सुरू होते.

१९८६ साली इंडियानाच्या खटल्यात न्यायालय म्हणाले, पक्षासाठी मारलेल्या रेघेचीही तक्रार ऐकता येईल. पण कोणत्या मापाने ऐकायची ते काही धड ठरले नाही. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या खटल्यातही ते माप सापडले नाही. तज्ज्ञांनी मापे आणून दिली. नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात एका प्राध्यापकाने समितीचेच बाकीचे सारे नियम पाळून, फक्त पक्षाचा फायदा वगळून, यंत्राकडून ३,००० नकाशे काढविले. त्यांतल्या एकाही नकाशात दहा-तीन आले नाही! माझ्या हाताखालच्या पोराने एवढे केले असते, तर मी त्याला पेढे वाटायला लावले असते. पण २७ जून २०१९ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. असल्या रेघांचे फळ अन्याय्य वाटू शकते हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मान्य केले. मात्र पक्षीयपणा किती झाला म्हणजे फार झाला, हे मोजायला केंद्रीय न्यायालयापाशी माप नाही, असे सांगून त्यांनी दार लावून घेतले. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी आपले विरोधी मत भर न्यायालयात वाचून दाखविले. ते वाचताना त्यांचा स्वर दुःखाचा होता, असे मुलीने मला फोनवर सांगितले. मी तोवर घरी परतलो होतो.

"अन्याय आहे, पण माप नाही." हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. चाळीस वर्षांपूर्वी, आमच्याच ओसरीवर.

वडील गेल्यावर आम्हा दोन भावांत नऊ एकरांची वाटणी झाली. धाकटा गावी राहून शेती करीत होता. मी सरकारी नोकर. तो म्हणाला, "दादा, बाहेरचा माणूस कशाला? तूच रेघ मार." मी मारली. दोघांना साडेचार साडेचार एकर, गुंठ्याला गुंठा. फक्त ती रेघ पूर्वेकडून सरळ येता येता मध्ये जराशी वळली, विहिरीला आणि दोन रायवळ आंब्यांना वळसा घालून पुन्हा सरळ झाली. धाकट्याने विचारले, "इथं वाकडी का?" मी म्हणालो, "उताराला धरून." तो आमच्या चुलत्यांकडे गेला. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. आबांनी नकाशा उलटासुलटा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "क्षेत्र सारखं आहे रे. वाईट दिसतंय खरं. पण मी काय मोजू?" धाकट्याने आपल्या हिश्श्यात विहीर खणली. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला. त्यानंतर तो याबद्दल एक शब्द बोलला नाही. दर दिवाळीला त्याच्याकडून अनारसे मात्र येत राहिले. ते मला कधी गोड लागले नाहीत, हे आज लिहितो आहे.

त्या निकालाबरोबर मुलीने मला आणखी एक हकिगत सांगितली होती. तो नकाशा आखणारे टॉमस हॉफेलर हे त्यांच्या विद्येतले पट्टीचे गृहस्थ ऑगस्ट २०१८ मध्ये वारले. त्यांच्या मुलीचा नि त्यांचा अबोला होता. वडिलांच्या खोलीत आठवणीच्या वस्तू शोधताना तिच्या हाती त्यांच्या संगणकातल्या हजारो फायली लागल्या, आणि त्या तिने खटला लढवणाऱ्या संस्थेच्या हवाली केल्या. वडिलांच्या मनात काय होते, ते वडिलांच्याच कागदांनी राज्याच्या न्यायालयात सांगितले. केंद्राचे दार बंद झाले होते, पण राज्याच्या घटनेचे उघडे होते. ३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथल्या तीन न्यायाधीशांनी राज्य विधिमंडळाचे नकाशे एकमताने रद्द केले.

हे सांगून मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा, आपल्या लोखंडी ट्रंकेत काकांच्या वाटणीचा कच्चा कागद आहे. लहानपणी मी पाहिलाय. त्यावर तीन रेघा आहेत."

मी फोन ठेवला. ट्रंक उघडायला मला आठ दिवस लागले. कागद होता. पेन्सिलीची पहिली रेघ सरळ, विहिरीच्या मधोमध जाणारी, खोडलेली. दुसरी खोडलेली. तिसरीशेजारी माझ्याच वळणदार अक्षरात दोन शब्द: 'विहीर इकडे'.

अमेरिकेतल्या रेघांचे पुढे काय झाले ते विचाराल, तर तो एक न संपणारा पाळणाच आहे. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी राज्याच्या न्यायालयाने काँग्रेसच्या जुन्या नकाशावर निवडणूक घेण्यास मनाई केली, आणि नव्या नकाशात ते विद्यापीठ पुन्हा एका मतदारसंघात आले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय नकाशे घटनाबाह्य ठरविले. त्या वर्षी जागा सात-सात पडल्या. नोव्हेंबरात न्यायाधीशांच्याच निवडणुका झाल्या, बहुमत पालटले, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरविला. नव्या नकाशावर २०२४ साली दहा-चार. ग्रीन्सबरो ज्या परगण्यात आहे, तो तीन मतदारसंघांत वाटला गेला. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलला, तर कॅलिफोर्नियाने त्याला उत्तर म्हणून आपला बदलला, तोही मतदारांचा कौल घेऊन. आता दोघेही सांगतात, की सुरुवात पलीकडच्याने केली. बांधावर मी हेच वाक्य चौतीस वर्षे ऐकले.

तर ती २८ ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे पाडवा होता. मी कागद धोतराच्या घडीत जपून एस.टी.ने गावी गेलो होतो. धाकटा अंगणात बसला होता. कागद पुढे केला. त्याने चष्मा लावला, पहिल्या रेघेवरून बोट फिरविले, दोन शब्द वाचले. बराच वेळ काही बोलला नाही. मग आत पाहून म्हणाला, "दादाला चहा टाका."

सातबारा आता बदलत बसण्यात अर्थ नव्हता. नातवंडांपर्यंत नोंदी गेल्या होत्या. पाण्याची पाळी मात्र लिहून देता येत होती. मी म्हणालो, "आठवड्यातले तीन दिवस विहीर तुझी." तो म्हणाला, "तीन का? सात दिवसांचे निम्मे साडेतीन होतात. मोजणीदार ना तू?"

मग तो अर्धा दिवस सकाळचा धरायचा की दुपारचा, आणि वीज रात्रीच येते त्याचे काय, यावर आम्ही दोघे दिवेलागणीपर्यंत भांडत बसलो.