निशाणी अंगठा

आमच्या घरचे कागद धान्याच्या कोठीवर, पत्र्याच्या पेटीत. कसर लागू नये म्हणून बापानं त्यात कडुलिंबाचा पाला टाकलेला. 2019 मध्ये पुतण्याच्या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे होता, म्हणून पेटी खाली काढली. पुरावा भेटला तहसिलीतल्या कोतवाल बुकात. बापाचा 1926 चा जन्म, लेकराचं नावच नाही. आबाजीचं नाव, जात कुणबी अन् नुसतं 'मुलगा'. पोराचं काम भागलं, पण पेटी उघडीच राहिली.

शेतसाऱ्याच्या पावत्या लावून पाहिल्या तर वऱ्हाडचा इतिहास शिक्क्यांवरूनच समजतो. आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, 1956 पासून मुंबई, 1960 पासून महाराष्ट्र. वावर मात्र तिथंच, मूर्तिजापूर-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तेव्हाही खारं, आताही खारं. त्याच्याही आधी, 1853 मध्ये, फौजेच्या खर्चाची बाकी फिटेना म्हणून निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1902 मध्ये वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टाच करून दिला. मुलूखच कर्जापायी गेला, तिथं आमच्या 9 एकराची काय कथा!

ते 9 एकर 1931 मध्ये सावकाराकडे गहाण पडले. मंदीत कापसाचे भाव पार बसले होते. पुढच्याच साली आबाजी वारले. आजी पंचविशीची, पदरात दोन लेकरं. वावर धाकल्या आबाजीनं सोडवलं, असंच आम्ही लहानपणापासून ऐकलं. त्या उपकारापोटी 1978 च्या वाटणीत रस्त्याकडचे 6 एकर त्यांच्या घरी गेले, नाल्याकाठचे 3 आमच्याकडे राहिले. बाप त्यावर कधी बोलला नाही.

पेटीत ते गहाणखत होतं, मोडीतलं. अमरावतीच्या एका निवृत्त मास्तरांनी वाचून दिलं. मागच्या बाजूला वसुलीच्या नोंदी होत्या, 1933 ते 1941. कुठं 40 रुपये, कुठं 25, कुठं 11, एका ठिकाणी नुसते 3. वाचता वाचता मास्तर थांबले. म्हणाले, "भाऊ, पैसे भरणारी बाई हाय."

प्रत्येक नोंदीपुढं आजीचं नाव, 'बेवा', अन् निशाणी अंगठा. धाकल्या आबाजीचं नाव एकदाच, साक्षीदार म्हणून.

आत्या तेव्हा नव्वदीची, तिच्या सासरी. तिले जाऊन विचारलं.

"माय दुसऱ्याच्या वावरात कापूस येचे," ती म्हणे. "पायटी अंधारात जाये. मी अन् तुहा बाप धुऱ्यावर बसून राहो."

"मंग आजवर सांगतलं काऊन नाई?"

"मले कोनी इचारलंच कुठी?"

नोंदी बहुतेक पौष-माघातल्या, म्हणजे वेचणीच्याच दिवसांतल्या. ते 3 रुपये कोणत्या सालचे, ते मात्र शाई पसरल्यामुळे वाचता आलं नाही. बोंडं सडली असतील, नाहीतर लेकरू आजारी पडलं असेल.

धाकटा भाऊ म्हणाला, हा कागद भावकीत दाखवू नको, उगीच वाकडं येईल. इतक्या वर्षांनी वाटणी उकरायची माझीही इच्छा नव्हती. तरी चुलतभावाच्या घरी घेऊन गेलो. मास्तरांनी उतरवून दिलेलं त्याले सारं वाचून दाखवलं. तो बराच वेळ त्या काळ्या ठशांवरून बोट फिरवत राहिला. त्याची बायको चहा घेऊन आली, तीही उभ्यानंच पाहू लागली.

मग तो म्हणाला, "दादा, याची झेरॉक्स भेटन काय?"

बाजाराच्या दिवशी मूर्तिजापूरहून तीन काढून आणल्या. एक त्याले देली, एक आत्याले.