डावा हात

परवा पाच टोकांच्या एका जुन्या वायरीला डाख देत असता, तापल्या धातूखाली राळ वितळून तिचा जो कडवटगोड धूर उठला, त्याने हातातले काम मला क्षणभर थांबवावे लागले. कारण तोच गंध मिरजेला आमच्या मामांच्या ओसरीवर सदैव भरून असे, जेथे संध्याकाळी सारंगिये येऊन बसत आणि गजाच्या केसांवर राळेचा खडा घाशीत घाशीत मामांच्या पेटीची वाट पाहत. वायर मिडीची होती, म्हणजे एक वाद्य दुसऱ्या वाद्याला किंवा संगणकाला जोडण्याच्या पद्धतीची. आता नवे कीबोर्ड यूएसबीच्या साध्या तारेने संगणकाला जोडले जातात आणि ही जाड, गोल तोंडाची वायर दुकानात मागितली तर दुकानदार विचारात पडतो. परंतु घरातले माझे पहिले वाद्य अद्याप शाबूत आहे, त्याला दुसरे तोंड नाही, आणि ते मोडीत घालण्याची कल्पना मला सहन होत नाही.

मामांचा विचार मनात आला की एकच प्रसंग पुढे उभा राहतो. नवरात्राच्या तोंडावर त्यांचे डावे मनगट मोडले. कीर्तनाची साथ त्यांनी पूर्वीच कबूल केलेली होती, आणि दिलेला शब्द फिरवणे हे त्यांच्या वहिवाटीत नव्हते; तेव्हा त्यांनी मला, म्हणजे जेमतेम सात-आठ वर्षांच्या भाच्याला, पेटीच्या पलीकडे समोरासमोर बसवले आणि भाता माझ्या हाती दिला. "माझ्या बोटांकडं बघू नको, डोळ्यांकडं बघ," एवढीच शिकवणी. देवळात, कंदिलाच्या उजेडात, बुवांनी अभंगाचे तोंड उचलले की मामांच्या पापण्या किंचित वर जात आणि मी भाता भरीत असे. ओळ उतरू लागली की पापण्या खाली येत आणि मीही हात सैल सोडी. बोटे त्यांची, श्वास माझा. एका सुराचे दोन मालक, आणि दोघांमध्ये फक्त दृष्टी.

मिडीची सारी रचना मला पुढे कळली ती याच प्रसंगाच्या आधाराने. ह्या वायरीतून सूर जातच नाही. जातो तो केवळ हुकूम. अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, अमुक जोराने दाबली, आणि काही क्षणांनी, ती सोडली. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे 60, काळी एक म्हणजे 61, बायकांच्या गळ्याची काळी चार म्हणजे 68. जोराची मोजणी 0 ते 127. सेकंदाला 31,250 ठोक्यांच्या गतीने हा खलिता धावतो आणि एका स्वराचा हुकूम पोचायला सुमारे एक हजारांश सेकंद पुरतो. पाच टोकांपैकी कामाची तीनच. आणि पलीकडच्या वाद्यात शिरताना विजेचा ठोका एका इवल्या दिव्याला पेटवतो, समोरचा प्रकाशग्राही डोळा तो उजेड वाचतो आणि मगच सूर उमटतो. दोन वाद्यांच्या विजेचा परस्परांशी स्पर्श होत नाही. हे प्रथम वाचले तेव्हा मला देवळातला तो कंदील आणि त्याच्या उजेडातल्या मामांच्या पापण्या आठवल्या.

ही पद्धत घडवण्यात पुढे असलेले कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानातील रोलंडचे इकुतारो काकेहाशी हे व्यापारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. तथापि 1983 च्या जानेवारीत ॲनाहाइम येथील वाद्यांच्या प्रदर्शनात एकाचा प्रॉफेट-600 आणि दुसऱ्याचा ज्युपिटर-6 एका वायरीने जोडले गेले, आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. त्यांनी ह्या पद्धतीवर मक्ता बसवला नाही, कोणाकडून मोबदला मागितला नाही. संगीताच्या व्यापारात इतके औदार्य मी क्वचित पाहिले आहे, आणि त्या दोघांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

माझे वाद्य संगणकाला प्रथम जोडले गेले ते खेळाची दांडी लावण्याच्या पंधरा टोकांच्या खाचेतून. वाद्याचे 'आउट' संगणकाच्या 'इन'ला, संगणकाचे 'आउट' वाद्याच्या 'इन'ला. आणि तरीही प्रत्येक स्वर दुहेरी, किंचित फाटलेला ऐकू येई. वाद्याच्या आतली पट्ट्यांची आणि सुरांची थेट जोडणी, जिला 'लोकल' म्हणतात, ती तोडली तेव्हा कोठे नाद एकेरी झाला. दुसरी अडचण मात्र जुनी ओळखीची निघाली. पट्टी दाबलेली असता वायर हलली, तर सोडल्याचा हुकूम पोचत नाही आणि सूर अखंड लागून राहतो. पावसाळ्यात पेटीचे लाकूड फुगून पट्टी अडकली की मामांच्या घरी हेच होई. ते बोटाच्या नखाने पट्टी हलकेच उचलीत, संगणकाला 'सर्व स्वर बंद' असा हुकूम द्यावा लागतो, ज्याचा क्रमांक 123.

येथे आकाशवाणीचा विषय वास्तविक अस्थानी आहे, परंतु पेटीविषयी लिहिताना तो टाळणे मला जमत नाही. 1940 च्या मार्चपासून पेटीला रेडिओवर मनाई झाली ती थेट 1971 पर्यंत. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार पेटीच्या विरोधात होते, रवींद्रनाथ ठाकुरांचेही मत प्रतिकूल होते. आक्षेप असा, की पेटीतून मींड निघत नाही आणि तिचे बारा स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस ज्या वाद्यावर बसला, त्याला केवळ स्वरांच्या हिशेबाने हद्दपार करणे हा अन्याय होता, असे माझे आजही ठाम मत आहे. मिडीत मींडेची तजवीज आहे: पट्ट्यांशेजारचे एक चाक, ज्याच्या फेऱ्याचे 16,384 सूक्ष्म भाग कल्पिले आहेत.

माझे दुसरे गाऱ्हाणे त्याहून लहान आणि त्यामुळेच अधिक चिवट आहे. 1991 मध्ये सर्व वाद्यांसाठी 128 नादांचा जो सामाईक जाबता ठरला, त्यात 105 वर सतार आहे, 112 वर सनई आहे, ॲकॉर्डियनला तर दोन जागा आहेत, पेटी नाही. 21 व्या क्रमांकावर 'रीड ऑर्गन' आहे, त्यावरच भागवावे लागते. ज्या वाद्याशिवाय आमच्याकडे भजन उभे राहत नाही, त्याला त्या यादीत स्वतःच्या नावाची ओळ नसावी याचे मला दुःख आहे.

आता संगणकावर पेटीचे उत्तम ध्वनिमुद्रित नाद मिळतात; खऱ्या पेटीचे सूर एकेक मुद्रित करून पट्ट्यांवर बसवलेले. तरीही तरुण मुले ते वाजवतात तेव्हा काहीतरी उणे राहते, आणि ते उणेपण डाव्या हाताचे आहे. पेटीत बोट जोराने टेकले काय नि हळू टेकले काय, सूर तेवढाच; तो लहानमोठा होतो हवेच्या दाबाने. कीबोर्ड नेमके उलट समजतो. तेव्हा पहिल्याने बोटाच्या जोराची दखल घेणे बंद करावे लागते आणि सुराचे चढउतार 11 क्रमांकाच्या नियंत्रणाकडे, ज्याला 'एक्स्प्रेशन' म्हणतात, सोपवावे लागतात. ते मी पायाखालच्या दांडीला जोडले. पहिल्या संध्याकाळी मध्यम धरून पाय हळूहळू दाबला, सैल केला, पुन्हा दाबला. आणि ध्यानात आले की हे तर आपल्या संगीत नाटकाचे जुने वाद्य आहे. गंधर्व नाटक मंडळीतला ऑर्गन पायाने चाले. दोन्ही हात मोकळे, श्वास पायांकडे. मामा त्या ऑर्गनविषयी फार आदराने बोलत, आणि आपल्याला तो कधी वाजवायला मिळाला नाही हे कधी बोलत नसत.

मामांचे वादन कोठेही मुद्रित झालेले नाही. माझ्या बोटांचे हुकूम मात्र संगणकात तपशीलवार नोंदलेले आहेत: कोणती पट्टी, केव्हा, किती वेळ, आणि त्यांच्याखाली, वेगळ्या ओळीत, पायाची चढती-उतरती वक्ररेषा. ती रेषा पुसून नुसते स्वर ऐकावेत तर गाणे ओळखू येते, परंतु गाणारा ओळखू येत नाही.

मुलांना कीबोर्ड घेऊन देणाऱ्या आईवडिलांना आणि शिकवणाऱ्या गुरुजनांना म्हणून माझी एक विनंती आहे. वाद्य संगणकाला जोडाल तेव्हा पायाची दांडीही घ्या, ती 11 क्रमांकाला जोडा, आणि पहिले काही आठवडे मुलाला एकच सूर धरून केवळ तीच चालवू द्या. आणि घरात कोणी वडीलधारे पेटी वाजवणारे असतील, तर त्या वेळी त्यांना मुलाच्या समोर बसवा.