राजापूर नावाचा मतदारसंघ

2009 साली कणकवलीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत मतदानाला गेले, तेव्हा मतदारसंघाचं नाव ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ झालेलं होतं. पुनर्रचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघ संपला, हे पेपरात वाचलं होतंच. तरी चुटपुट लागली. आमच्या घरात राजापूर म्हणजे आधी नाथ पै आणि मग मधू दंडवते.

बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. 1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या. लोकसभेतलं त्यांचं भाषण पेपरात आलं की बाबा ओटीवर बसून ते मोठ्याने वाचत. जानेवारी 1971 मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाथ पै गेले आणि त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले. मूळचे नगरचे, मुंबईत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. पण कोकणाने त्यांना कधी परकं मानलं नाही. आणीबाणीत ते बंगळुरूच्या तुरुंगात होते. 1977 ला लोकांनी त्यांनाच पुन्हा दिल्लीला पाठवलं.

1984 च्या डिसेंबरात काँग्रेसने देशभर चारशेच्या वर जागा घेतल्या. मतदानाच्या दिवशी आमच्या खळ्यात भाताची झोडणी चालली होती. आजीने केसांतला भुसा झटकला, धुवट लुगडं नेसली आणि निघाली. आईने अडवलं तर म्हणाली, “मत घालून येतंय. भात खंय पळान जाता काय?” दंडवते त्या लाटेतही निवडून आले.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती. एसटीने घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून मुंबईची गाडी. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी आली ती दंडवते रेल्वेमंत्री असताना. बाबा बसण्याआधी ती तळहाताने दाबून बघत आणि शेजारच्या अनोळखी प्रवाशाला सांगत, “हे आमच्या खासदारांनी केलं.”

पुढे दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. लगेच 1991 ला दंडवते काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून हरले. 1996 पासून शेवटपर्यंत सुरेश प्रभू खासदार होते. त्यांनीही चांगलं काम केलं. पण 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, तेव्हा राजापूरचे खासदार म्हणून दंडवतेच असायला हवे होते, असं बाबा म्हणत. मलाही तसंच वाटतं.